ओपल डबलेट : जोड खड्याची गोष्ट

ओपल डबलेट हा दोन थरांचा खडा. वर खऱ्या ओपलची पातळ चकती आणि तिला खालून चिकटवलेला गडद रंगाचा आधार. त्यावर पारदर्शक स्फटिकाचा किंवा काचेचा घुमट चढवला, की तो ट्रिपलेट होतो. दगड जोडून खडे घडवण्याची कला फार जुनी आहे. तीन दगड चिकटवून केलेल्या सार्डोनिक्सची नोंद रोमन लेखक प्लिनीने पहिल्या शतकातच केली आहे. ओपलच्या बाबतीत मात्र ही कला फुलली ती ऑस्ट्रेलियातल्या खाणींमुळे.

त्याआधी युरोपला ओपल मिळे ते आजच्या स्लोव्हाकियातील डुब्निकहून. १८७०च्या दशकात क्वीन्सलँड, १८९०च्या सुमारास व्हाइट क्लिफ्स आणि १९१५ मध्ये कुबर पेडी येथे नवे साठे सापडले. तिथे रंगीत ओपल पुष्कळदा ‘पॉच’ या बिनरंगी ओपलमध्ये बारीक पट्टीसारखे आढळते. काही पट्ट्या इतक्या पातळ, की त्यांचा स्वतंत्र खडा टिकणार नाही. शिवाय प्रकाश आरपार जाऊन रंग फिका दिसतो. गडद आधाराने दोन्ही अडचणी एकदम सुटल्या.

निसर्गाने हे आधीच करून ठेवले होते. क्वीन्सलँडचे बोल्डर ओपल तपकिरी आयर्नस्टोनला चिकटलेलेच निघते, तर लाइटनिंग रिजचे प्रसिद्ध काळे ओपल अंगचेच गडद असते. ओपलच्या रंगांमागचे कारण उलगडायला १९६४ साल उजाडावे लागले. ओपलमध्ये सिलिकाचे अतिसूक्ष्म गोल ओळीने रचलेले असतात आणि प्रकाश त्यांच्यावरून विखुरताना रंग फुटतात, हे ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. काळी पाठ उरलेला प्रकाश शोषून घेते, म्हणून रंग उठून दिसतात.

डबलेटमुळे काळ्या ओपलचा देखणेपणा बेताच्या किमतीत रोजच्या दागिन्यांत आला, हे या कारागिरीचे मोठे देणे. त्याला नकली म्हणणे अन्यायाचे आहे. जोड असल्याचे लपवून विकणे ही मात्र फसवणूकच. ओपलची कठिणता ५.५ ते ६.५, तर धुळीतल्या क्वार्ट्झची ७. त्यामुळे अंगठीतला डबलेट लवकर चरे पाडून घेतो. पेंडंट आणि कानातल्यांत तो जास्त टिकतो. ट्रिपलेटचा स्फटिकाचा घुमट अधिक सोसतो.

सुटा खडा कडेने पाहिला, तर जोडाची सरळ रेघ दिसते. बंद कोंदणात ती झाकली जाते. हा जोडच त्याचा नाजूक भाग. पाण्यात फार काळ राहिल्यास ओलावा आत शिरतो आणि खडा धुरकट, करडा होतो. शुक्राचे उपरत्न म्हणून ओपल घालण्याची चाल महाराष्ट्रातही आहे आणि अशी अंगठी घालण्यापूर्वी दुधात किंवा पाण्यात ठेवतात. म्हणून खडा अखंड आहे की जोडलेला, हे विकत घेतानाच विचारावे आणि पावतीवर लिहून घ्यावे.