प्रा. दीपक फाटक : पवईचा वर्ग तालुक्याच्या गावी

बत्तीस शिराळा महाराष्ट्राला ठाऊक आहे तो नागपंचमीमुळे. या तालुक्यातील विद्यार्थ्याला अभियांत्रिकीचे शिक्षण घ्यायचे तर जवळची ठिकाणे म्हणजे साखराळ्याची राजारामबापू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी किंवा सांगलीचे वालचंद महाविद्यालय. पवईच्या आयआयटीपर्यंत पोहोचणारे मोजकेच. मग उरलेल्यांना संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना कोण शिकवणार? हा प्रश्न आयआयटीच्या आवारात बसून गांभीर्याने हाताळणाऱ्यांत डॉ. दीपक फाटक यांचे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते.

१९४८ साली जन्मलेल्या फाटक यांनी इंदूरच्या श्री गोविंदराम सेकसरिया संस्थेतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतली. एम.टेक. आणि पीएच.डी. मुंबई आयआयटीत केली आणि १९७१ पासून तेथेच अध्यापन सुरू केले. उद्योगाशी त्यांचा संबंध सल्लागार म्हणूनही आला. डेटाबेस, सॉफ्टवेअर अभियांत्रिकी, संगणक प्रणालींच्या कार्यक्षमतेचे मोजमाप आणि स्मार्ट कार्ड हे त्यांच्या अभ्यासाचे विषय. हजारो ग्राहकांचे व्यवहार एकाच वेळी आले की प्रणाली नेमकी कोठे अडखळते, हे प्रश्न पाठ्यपुस्तकातून उमगत नाहीत. त्यासाठी चालत्या यंत्रणेजवळ जावे लागते.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस माजी विद्यार्थी कंवल रेखी यांच्या देणगीतून आयआयटीत माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र स्कूल उभे राहिले. त्याच्या उभारणीत फाटक यांचा पुढाकार होता. नवउद्योजकांना जागा व मार्गदर्शन देणारा उपक्रमही तेथेच सुरू झाला. २००४ साली त्याला ‘साइन’ या संस्थेचे रूप आले.

त्यांचे सर्वांत मोलाचे काम मात्र शिक्षकांसाठीचे. केंद्राच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानाच्या साहाय्याने अभियांत्रिकी प्राध्यापकांसाठी दोन आठवड्यांच्या कार्यशाळा सुरू झाल्या. प्रत्येक दूरस्थ केंद्राचा समन्वयक आधी पवईला येऊन तयारी करून जाई. मग व्याख्यान पवईहून थेट प्रक्षेपित होई, शंका त्याच पडद्यावरून विचारल्या जात आणि प्रात्यक्षिके स्थानिक प्रयोगशाळेत होत. अशी केंद्रे पुढे दोनशेहून अधिक झाली. उत्तम व्याख्यान ऐकवणे तुलनेने सोपे. ऐकलेले दुपारी स्वतःच्या हाताने करून पाहायला लावणे हे या रचनेचे खरे बळ. एका प्राध्यापकाच्या हाताखालून दरवर्षी शेकडो मुले जातात, हे लक्षात घेतले म्हणजे या खटाटोपाचे गणित कळते.

‘आकाश’ टॅब्लेटचे यश मात्र मर्यादित राहिले. ऑक्टोबर २०११ मध्ये त्याचे अनावरण झाले तेव्हा स्वस्ताईचे कौतुक आणि संथपणाची तक्रार दोन्ही झाली. २०१२ मध्ये प्रकल्पाची सूत्रे मुंबई आयआयटीकडे आली आणि नोव्हेंबरमध्ये सुधारित आवृत्ती निघाली. साधन विद्यार्थ्याच्या हाती देणे आणि ते अभ्यासात मुरवणे यांतले अंतर या प्रयोगाने दाखवून दिले. पुढे आकाशची योजना विरली.

२०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आयआयटीने एडएक्स या आंतरराष्ट्रीय मंचावर २०१४ मध्ये पाऊल ठेवले, तेव्हा फाटक यांनी तेथे शिकवलेला विषय होता प्रोग्रॅमिंगची तोंडओळख, म्हणजे पहिल्या वर्षाचा.