लोटा, किपलिंग आणि मंगल फॉन्ट

आपल्याकडे कुठलंही कॉलेज निवडायचं म्हटलं की पब्लिक दोनच गोष्टी विचारतं: फी किती आणि प्लेसमेंट किती. इंजिनियरिंगला ते चालून जातं, कारण अभ्यासक्रम इथूनतिथून सारखाच. पण डिझाईन, जाहिरात, सिनेमा, ॲनिमेशन असल्या वाटांना तेवढं पुरत नाही, असं माझं मत झालंय. तिथे मी आधी विचारतो, की हे कॉलेज मुळात कोणी आणि कशासाठी काढलं? कारण संस्था कितीही जुनी झाली तरी ते पहिलं कारण कुठेतरी मागच्या बाकावर बसलेलं असतंच.

हे डोक्यात यायला निमित्त माझी मामेबहीण. यंदा बारावी सायन्स. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमीजिएट दोन्ही परीक्षा ए ग्रेडने पास. (दहावीला वाढीव गुण मिळतात म्हणून त्या आम्हीही दिल्या होत्या. आमच्या स्थिरचित्रातला माठ अजून कलंडलेला आहे.) आता ती म्हणते, डिझाईनलाच जाणार. मामाची शेती थोडी, धाकटा अजून शाळेत, म्हणजे कर्ज काढावं लागणार. मामाचं म्हणणं एकदम सरळ: "चित्रं काय, इंजिनियर होऊनही काढता येतील. तूच तिला समजाव." आता वकीलपत्र घ्यायचं तर आधी केस वाचायला पाहिजे ना! गेले तीन-चार विकांत त्यातच गेले.

सुरुवात अर्थातच जेजेपासून. १८५१ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये मोठं प्रदर्शन भरलं आणि हिंदुस्थानातल्या कारागिरीचं तिथे भलतंच कौतुक झालं. गंमत अशी की त्याच कारागिरीचं इंग्लंडच्या गिरण्यांनी इकडे कंबरडं मोडलेलं. मग कारागिरांना 'सुधारायचं' ठरलं. मद्रास, कलकत्ता इथे कलाशाळा निघाल्या. मुंबईत सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ साली एक लाख रुपये देऊ केले. चीनच्या व्यापारात, त्यात अफूही आलीच, कमावलेला हा पैसा. त्यातून १८५७ मध्ये शाळा सुरू झाली, आधी एल्फिन्स्टनच्या जागेत. म्हणजे जेजे हे चित्रकार घडवायला काढलेलं कॉलेजच नव्हे. ते काढलं चांगले कारागीर घडवायला.

१८६५ मध्ये तिथे जॉन लॉकवुड किपलिंग शिल्पकला शिकवायला आला. त्याच वर्षी डिसेंबरात जेजेच्या आवारात त्याला मुलगा झाला, तोच जंगलबुकवाला रुडयार्ड. आपण बापाचं नाव विसरलो, पण क्रॉफर्ड मार्केटवरची शिल्पं बघायला मान वर केलीत तर तो भेटतो. नंतर व्हीटी स्टेशन बांधताना (१८७८ ते १८८८) त्यावरच्या नक्षीकामात आणि कोरीवकामात जेजेच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आजच्या भाषेत 'लाईव्ह प्रोजेक्ट'. आमच्या कॉलेजात प्रोजेक्ट म्हणजे लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम, तीही सीनियरची. रोज लाखो लोक ज्या इमारतीखालून जातात ती बांधण्यात पोरांना सहभागी करून घेणं, हे मला आजही फार मोठं वाटतं.

दुसरी बाजूही आहे. वर्गात मात्र ग्रीक पुतळ्यांचे प्लास्टरचे साचे ठेवून त्यावरून तासन् तास रेखाटन. ज्याच्या घरी पिढ्यान् पिढ्या कोरीवकाम चालतं त्या पोराने या शाळेत येऊन काय करायचं? व्हायचं तेच झालं. कारागिरांची शाळा बघता बघता चित्रकारांची झाली. कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर १८९० साली इथे विद्यार्थी म्हणून आले, मग इथेच शिक्षक झाले आणि १९३१ पर्यंत राहिले. 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे त्यांच्या आठवणींच्या पुस्तकाचं नाव अगदी हिशोबाने ठेवलेलं आहे. धुरंधरांनी तैलचित्रं केली तशी पोस्टकार्डं, पुस्तकांतली चित्रं आणि जाहिरातीही केल्या. बाजाराचं काम म्हणजे खालचं काम, असा सोवळेपणा त्यांनी पाळला नाही.

बाजाराने पुढे आपला स्वतंत्र वर्ग मिळवला. १९३५ मध्ये जेजेत कमर्शियल आर्टचा विभाग निघाला. गिरण्या, जाहिरात कंपन्या, सिनेमाची पोस्टरं, साबण-तेलाची लेबलं, हे सगळं मुंबईत होतं आणि त्याला माणसं हवी होती. १९६१ साली या विभागाची वेगळी संस्था झाली, तीच उपयोजित कलेची जेजे. मामाच्या 'पोट भरेल का?' या प्रश्नाला या शहराने दिलेलं हे जुनं, रोकडं उत्तर आहे.

आता मध्येच दादासाहेब फाळके. कारण 'मीडिया आर्ट्स'ची पदवी निघण्याच्या कितीतरी आधी या माणसाने ती एकट्याने पुरी केली. १८८५ साली, पंधराव्या वर्षी जेजे. मग १८९० पासून बडोद्याचं कलाभवन. सयाजीरावांनी काढलेलं आणि त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने उभं केलेलं. तिथे चित्रकलेच्या शेजारी सुतारकाम, रंगरसायन, यंत्रकाम. फाळके रंगवायला शिकले आणि फोटोग्राफीतही उतरले. पुढे पुरातत्त्व खात्यात नोकरी, लोणावळ्याला छपाईचा धंदा, १९०९ मध्ये छपाईचं तंत्र शिकायला जर्मनी, १९१२ मध्ये सिनेमाचं शिकायला लंडन. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'. पंधराव्या वर्षापासून त्रेचाळिसाव्यापर्यंत माणूस शिकतोच आहे, कारण त्याला जे करायचं होतं त्याचा एकसंध कोर्स कुठेच नव्हता. आणि कलाभवनाचं पुढे काय झालं म्हणता? ते आज बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची टेक्नॉलॉजी आणि इंजिनियरिंग फॅकल्टी आहे! मामाला हे सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदा हसला.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न बदलला. कारखाने उभे राहत होते, पण त्यातून निघणारी वस्तू दिसावी कशी, वापरावी कशी, याचा विचार करणारं कोणी नव्हतं. सरकारच्या बोलावण्यावरून चार्ल्स आणि रे ईम्स हे अमेरिकन जोडपं देशभर हिंडलं आणि १९५८ मध्ये त्यांनी 'इंडिया रिपोर्ट' दिला. इतका वाचनीय सरकारी अहवाल मी दुसरा पाहिला नाही. त्यात ते आपल्या लोट्यावर थांबतात. कमरेवर, डोक्यावर कसा बसतो, भरलेला आणि रिकामा कसा तोलला जातो, पाणी ओतताना धार कशी पडते, घासताना हात आत जातो का, मोडीत विकला तर किती येतील. एका माणसाने न काढलेलं, पिढ्यांनी घासूनपुसून आणलेलं डिझाईन. आम्ही हापिसात 'युजर रिक्वायरमेंट' म्हणून जो कागद भरतो तो या लोट्यापुढे फारच पोकळ वाटतो. या अहवालातून १९६१ साली अहमदाबादला एनआयडी निघाली. गौतम आणि गिरा साराभाई ही भावंडं तिच्यामागे उभी होती, म्हणून अहमदाबाद. नाहीतर मुंबईचाही हक्क होताच की.

मुंबईला तिचं ते मिळालं १९६९ मध्ये, पवईला, आयआयटीच्या आवारात आयडीसी. सुधाकर नाडकर्णी हे तिचे पहिले प्रमुख. जेजेत शिकून जर्मनीत उल्मच्या डिझाईन शाळेत गेलेले. उल्मची शाळा १९६८ मध्ये बंद पडली आणि पुढच्याच वर्षी पवईची सुरू झाली. त्या शाळेचा आग्रह असा की डिझाईन ही हाताच्या कसबाइतकीच पद्धतीची गोष्ट आहे: निरीक्षण, मोजमाप, चाचणी, मग आकार. तेव्हा आयडीसीत जायला आधी पदवी लागायची. २०१५ पासून तिथे बारावीनंतरही प्रवेश आहे, तोही कुठल्याही शाखेला.

याच आयडीसीत र. कृ. जोशी शिकवायचे. शिक्षण जेजेत, उमेदीची वर्षं जाहिरात कंपन्यांत, जीव मात्र अक्षरांत. विंडोजबरोबर आलेला देवनागरीचा 'मंगल' हा फॉन्ट त्यांचा. ज्या काळी एका संगणकावर लिहिलेलं मराठी दुसऱ्या संगणकावर चौकोन-चौकोन दिसायचं, त्या काळात मंगल आला. देखणा आहे का? सुलेखनकार म्हणून जोशींनी हाताने काढलेल्या अक्षरांपुढे तो मला बेतासबातच वाटतो. पण सातबाऱ्यापासून शाळेच्या नोटिशीपर्यंत त्या अक्षराने जे काम केलंय त्याला तोड नाही. २००८ साली जोशी गेले. दोनच वर्षांनी रुपयाचं नवं चिन्ह ठरलं. ते काढणारे उदय कुमार याच आयडीसीत पीएचडी करत होते, आणि त्या चिन्हातला 'र' देवनागरी आहे.

मामासमोर मी हे असं मांडलं. पोरीला अक्षर, पोस्टर, पडदा यांचं वेड असेल तर जेजे उपयोजित. तिथे शहरच अर्धं शिकवतं. वस्तू खोलून बघायची खोड असेल तर एनआयडी किंवा पवई, पण एनआयडीची फी सरकारी कलामहाविद्यालयापेक्षा बरीच जास्त, तेव्हा कर्जाचा हिशोब आधी. शिवाय २०२३ मध्ये जेजेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळालाय, म्हणून तिथली फी आणि प्रवेशाचे नियम जुन्या विद्यार्थ्यांच्या सांगण्यावर न जाता यंदाच्या माहितीपुस्तकातच बघायचे. आणि मोठ्या नावाच्या आडून गल्लोगल्ली निघालेल्या ॲनिमेशनच्या दुकानांत पैसे भरायचे नाहीत, निदान तिथे शिकवणाऱ्याने स्वतः काय केलंय हे बघितल्याशिवाय.

मामाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ते प्रभातवाले कुठल्या कॉलेजात होते?" च्यायला, प्रश्न बिनतोड. दामले आणि फत्तेलाल कोल्हापुरात बाबूराव पेंटरांच्या हाताखाली तयार झाले, कॉलेज नाहीच. आणि त्यांच्याच पुण्याच्या स्टुडिओत १९६० साली सरकारने सिनेमाचं कॉलेज काढलं! त्यावर एकदा वेगळं लिहायला हवं.