‘दार’ आणि ‘धर’

परवा पुण्याहून नातीचा फोन. “आजोबा, तहसीलदार, फौजदार, हवालदार... सगळ्यांना ‘दार’ का लावतात? हे सगळे दारात उभे असतात का?”

मला हसूच आलं. अगं, दरवाजा या अर्थाचं आपलं दार संस्कृत ‘द्वार’वरून आलं. शब्दामागे लागणारं ‘दार’ फारसी. ‘दाश्तन’ म्हणजे धरणे, बाळगणे. त्याचंच रूप ‘दार’. ठाणं सांभाळणारा ठाणेदार, जहागीर बाळगणारा जहागीरदार.

आपल्या मराठवाड्यात हा प्रत्यय जरा जास्तच रुजला. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. कलेक्टरला तेव्हा अव्वल तालुकदार म्हणत. १९४९ साली जहागिरी गेल्या, जहागीरदार आडनावात उरले. तालुकदार गेले, तहसीलदार राहिले. नांदेडच्या हुजूर साहिबचे जथेदारही याच कुळातले.

शिवाजी महाराजांनी राजव्यवहारकोश करवून घेतला. कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत शब्द दिले. पण ‘दार’ केवळ कचेरीत थांबला नाही. घराघरांत शिरून आपल्याच शब्दांना लागला. चवदार, धारदार, पाणीदार!

याच ‘पाणीदार’वरून एक जुनी चूक आठवते. मराठी घेऊन बीए झालो आणि लातूरकडच्या एका शाळेत नवाच लागलो होतो. १९७२च्या दुष्काळाचे दिवस. एका मुलाने विकलेल्या बैलावर निबंध लिहिला : ‘त्याचे डोळे पाणीदार होते.’ मी लाल शाईने ‘पाणीदार’ खोडलं, वर ‘तेजस्वी’ लिहिलं. परका प्रत्यय नको म्हणून! मुलगा काही बोलला नाही. पुढच्या निबंधात त्याने सूर्य, गुरुजी, झेंडा, सगळ्यांना ‘तेजस्वी’ करून टाकलं. शब्द शुद्ध झाले, पण त्याच्या भाषेतलं पाणी मी घालवलं.

निवृत्तीनंतर भाषाशास्त्राची पुस्तकं चाळताना कळलं, की फारसी ‘दार’ आणि संस्कृत ‘धृ’ धातू एकाच मुळाचे. म्हणजे गिरिधर, चक्रधर यांतला ‘धर’ आणि तहसीलदारातला ‘दार’ हे चुलत भाऊच! हजारो वर्षांपूर्वी वेगळे झाले, एक इराणात वाढला, एक इकडे. पुढे तो इराणातला भाऊ इकडे आला, तर मी त्याला परका म्हणून हाकलत होतो.

असो. तो मुलगा आता साठीच्या पुढे असेल. कुठे भेटलाच तर सांगेन, बाबा रे, तुझा शब्द बरोबर होता.