सावित्रीच्या वाटेवर

अफझलखानाचा धडा मी वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. भेटीचा प्रसंग आला की वर्ग श्वास रोखून ऐके आणि वाघनखांपाशी तास संपे. एके वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारले, "गुरुजी, खान मेला, पण त्याची एवढी फौज कशी हो हरली?" मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनात सलत राहिला. अखेर दिवाळीच्या सुट्टीत महाबळेश्वरहून पोलादपूरची एस. टी. धरली.

कृष्णा, कोयना, सावित्री या तिघी महाबळेश्वरच्याच लेकी. पहिल्या दोघी एकत्र होऊन पूर्वसागराला जातात. सावित्री मात्र पश्चिमेला वळून बाणकोटच्या खाडीत उतरते. त्यांच्या खोऱ्यांमधून आंबेनळी घाटाची वाट जाते. गाडी वळणे घेऊ लागली. एका अंगाला काळा कडा, दुसऱ्या अंगाला गर्द रानाने भरलेली दरी. हेच ते जावळीचे खोरे! देशावरचा माल कोकणातल्या बंदरांकडे अशाच घाटांनी उतरे. म्हणून ज्याच्या हाती घाट, त्याच्या हाती सत्ता. मोऱ्यांचे बळ यातच होते. १६५६ साली शिवाजीमहाराजांनी जावळी घेतली आणि पार घाटावर नजर ठेवायला मोरोपंत पिंगळ्यांकडून प्रतापगड बांधवून घेतला.

वाईच्या मोकळ्या मुलखात खानाचे घोडदळ, हत्ती, तोफा भारी पडल्या असत्या. महाराज तिथे गेलेच नाहीत. खानालाच रडतोंडीच्या घाटाने पारपर्यंत उतरावे लागले. १० नोव्हेंबर १६५९ रोजी गडावर तोफेचा इशारा झाला आणि रानात दबा धरलेले मावळे छावणीवर तुटून पडले. घोडे दौडवायला जागा नाही, वाटा अनोळखी. त्या मुलाचे उत्तर मला खिडकीतून दिसत होते. लढाईचा निकाल लागण्याआधी वाटेचा निकाल लागला होता.

पोलादपूरहून पुढे महाडकडे निघालो. सावित्रीचा पूल आला, तशी गाडीतली बोलणी थांबली. शेजारच्या म्हातारीने नदीला हात जोडले. इथला १९२८ सालचा दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला, आणि त्याबरोबर दोन एस. टी. गाड्या, माणसांसकट. नवा पूल २०१७ च्या जूनमध्ये खुला झाला. पण गेलेली माणसे थोडीच परत येणार?

महाराजांनी वाटेची पारख आधी केली, म्हणून राज्य तगले. आपण मात्र वाट खचल्यावरच तिच्याकडे पाहतो. या विचाराने मन खिन्न झाले.

सुट्टीनंतर तोच धडा पुन्हा काढला. या वेळी वाघनखांआधी फळ्यावर नकाशा काढला. तीन नद्या, एक घाट, एक गड. तो मुलगा आता वरच्या वर्गात गेला होता. त्याला मुद्दाम बोलावून घेतले आणि म्हटले, "बाळ, तुझे उत्तर द्यायचे राहिले होते."