तळटीप : ‘रात्रीची बॅच’

‘रात्रीची बॅच’ : मानेसरच्या औद्योगिक वसाहतीत बॅच म्हटले की सुट्या भागांचा लॉट डोळ्यांपुढे येतो, लेखकाला इथे विंडोजमधली बॅच फाइल अभिप्रेत आहे. नोटपॅडमध्ये एकाखाली एक कमांड लिहायच्या, नावापुढे ‘.बॅट’ जोडून फाइल सेव्ह करायची, की झाले. एमएस-डॉसच्या काळापासून (१९८१) चालत आलेली ही सोय. पहिली ओळ बहुधा ‘@एको ऑफ’. ती नसेल तर प्रत्येक कमांड चालण्याआधी पडद्यावर उमटते. ‘रेम’ने सुरू होणारी ओळ संगणक सोडून देतो, ती माणसांसाठी. ‘पॉज’ कळ दाबेपर्यंत काम थांबवते. रात्री दोनला आपोआप चालणाऱ्या फाइलीत ती राहून गेली तर कळ दाबणार कोण? लेखकाने ज्या ‘दोन टक्क्यां’वर डोके फोडले ते असे : ‘फॉर’मधल्या व्हेरिएबलला कमांड प्रॉम्प्टवर थेट टाइप करताना एक % लागतो, फाइलीत मात्र दोन. खरी मेख पुढेच आहे. ‘रोबोकॉपी’ने फाइली सुखरूप कॉपी केल्या की ती ० नव्हे, १ हा आकडा परत देते, ८ किंवा त्याहून मोठा आकडा आला तरच काही बिघडले समजायचे. आणि ‘इफ एररलेव्हल १’चा अर्थ ‘१ किंवा अधिक’ असा होतो. पुढच्या प्रकरणात बॅकअप व्यवस्थित होऊनही रोज पहाटे धोक्याची ईमेल येते, ती यामुळे. त्या ओळीत १ऐवजी ८ हवा होता.