चौदावे कार्ड

क्रिकेटपटूंच्या कार्डांचा इतिहास सिगारेटच्या पाकिटापासून सुरू होतो. इंग्लंडच्या जॉन प्लेयर कंपनीने १९३४ आणि १९३८ साली पाकिटांतून पन्नास-पन्नास क्रिकेटपटूंचे संच काढले. त्यात कोण असावे हे कंपनी ठरवी. आपल्या वर्गाचा संच घरचा होता. वर्तमानपत्रांतले फोटो कापायचे, जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर खळीने चिकटवायचे आणि मागे धावा, बळी लिहायचे. त्यामुळे निवडीचा अधिकार आपला आणि भांडणेही आपलीच.

१९८७-८८ च्या दहावीतल्यांना तो वाद आठवत असेल. संच १९८३ च्या विश्वविजेत्यांचा, कार्डे चौदा. कपिलदेवबद्दल प्रश्नच नव्हता : टनब्रिज वेल्सला ५ बाद १७ अशा अवस्थेतून नाबाद १७५. मोहिंदर अमरनाथ उपांत्य आणि अंतिम दोन्ही सामन्यांत सामनावीर. रॉजर बिन्नीचे स्पर्धेत सर्वाधिक १८ बळी. श्रीकांतच्या ३८ धावा अंतिम सामन्यात सर्वांत जास्त. मार्शलचा चेंडू तोंडावर लागून बाहेर बसलेल्या वेंगसरकरलाही कोणी हरकत घेतली नाही.

अडले ते सुनील वॉल्सनपाशी. हा डावखुरा जलद गोलंदाज आठांपैकी एकाही सामन्यात खेळला नाही. पुढेही त्याला भारताकडून कधी खेळायला मिळाले नाही. कार्डामागे लिहायचे काय?

त्यातच ३१ ऑक्टोबर १९८७ ला नागपूरला चेतन शर्माने न्यूझीलंडविरुद्ध विश्वचषकातली पहिली हॅटट्रिक घेतली, तिघांचेही त्रिफळे उडवून. त्याच सामन्यात गावसकरने आपले एकमेव एकदिवसीय शतक ठोकले. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, पण नागपूरचा सामना म्हणजे आपल्या विदर्भाचाच. ‘वॉल्सन काढा, चेतन घाला’ असा एक गटच तयार झाला. दुसऱ्या गटाचे म्हणणे एवढेच, की चेतन त्या संघात नव्हता आणि वॉल्सन होता. मधल्या सुट्टीतले हे भांडण आठवडाभर चालले. शेवटी गणिताच्या सरांपुढे गेले. सर म्हणाले, “संघ निवडणाऱ्यांनी चौदा नावे लिहिली. त्यातले एक खोडणारे तुम्ही कोण?” चेतनचे वेगळे कार्ड झाले. वॉल्सनचे कार्ड संचात राहिले, मागची बाजू कोरी ठेवून.

हा इतिहास आज लिहिण्याचे कारण आहे. या स्मरणिकेच्या यादीत मार्च १९८८ च्या परीक्षेला बसलेल्यांचीच नावे घेतली आहेत. नववीनंतर शेतात राबायला गेलेले मित्र त्यात नाहीत. लग्न होऊन सासरी गेलेल्या मैत्रिणी नाहीत. पाचवीपासून त्या सगळ्यांनी आपल्याच हजेरीपटावर ‘हजर’ म्हटले आहे. आपल्यासोबत प्रार्थनेला उभे राहिले, छड्याही आपल्याबरोबरच खाल्ल्या. त्यांच्या नावापुढे टक्के आणि पदवी नसेल. ती जागा कोरी राहू द्या, पण नाव असू द्या.

यादी पूर्ण करायला जुने हजेरीपट आणि आपली आठवण पुरेशी आहे. सर, बाई, मित्रमैत्रिणींनो, ज्यांना जी नावे आठवतात ती समितीला कळवा. जमले तर त्यांना पुढच्या मेळाव्याला सोबत घेऊन या.