मुलांशी बोला, आपल्याच भाषेत

लहान मुलाची भाषा संभाषणातून वाढते. मुलाच्या हुंकाराला, बोट दाखवण्याला किंवा अर्धवट उच्चारलेल्या शब्दाला मोठ्यांनी उत्तर द्यावे, त्यावर मुलाने पुन्हा काही म्हणावे, अशा फेऱ्यांतून शब्द आणि वाक्यरचना त्याच्या अंगवळणी पडतात. अमेरिकेत ४ ते ६ वर्षांच्या मुलांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, कानावर पडलेल्या एकूण शब्दसंख्येपेक्षा या फेऱ्यांचा मेंदूतील भाषाविषयक भागाच्या सक्रियतेशी अधिक निकटचा संबंध आढळला. दूरचित्रवाणी वा मोबाइल दिवसभर बोलत राहिला, तरी तो मुलाच्या प्रश्नाची वाट पाहत नाही.

घरात कोणती भाषा?

मराठी मुलखाच्या सीमेवर हा प्रश्न तीव्र होतो. मध्य प्रदेशातील तापीकाठचा बुऱ्हाणपूर जिल्हा जळगाव, बुलढाणा व अमरावतीला लागून आहे. तेथील मराठी घरांत खानदेशी वळणाची मराठी, काही ठिकाणी लेवा बोली नांदते. शाळा व कचेरीचा कारभार हिंदीत चालतो आणि बाजारात उर्दूही कानी पडते. अशा ठिकाणी मूल शाळेत मागे पडू नये, म्हणून घरातही हिंदीच बोलावी, असा विचार पालकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. घरी कोकणी, वाचनात मराठी आणि शाळेच्या चिंतेपोटी इंग्रजी, असा त्रिकोण सांभाळणाऱ्या गोमंतकीय पालकांना हा पेच परका वाटणार नाही.

मात्र जी भाषा आई-आजीला सहज येते, तिच्यातच त्या रागावतात, लाड करतात, गोष्ट रंगवतात. तोडक्यामोडक्या परभाषेत बोलू लागताच संभाषण ‘ये, बस, खा’ एवढ्या आज्ञांवर येते आणि मुलाच्या वाट्याला भाषेचा केवळ सांगाडा येतो. घरभाषेत पक्की झालेली समज दुसरी भाषा शिकताना उपयोगी पडते. दोन भाषांमुळे मूल गोंधळते वा उशिरा बोलते, ही समजूत निराधार आहे. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द मिसळणे हाही दोष नव्हे.

रोजच्या कामांतून

केळीच्या बागांसाठी बुऱ्हाणपूर प्रसिद्ध आहे. तेथील घरात एक केळे सोलतानाही घड, फणी, साल, कच्चे, पिकलेले असे कितीतरी शब्द येतात. ‘केळे हवे का?’ या प्रश्नाला मान डोलावली की संवाद संपतो. ‘हे केळे काळे का पडले असेल?’ असे विचारल्यास तो पुढे जातो. विचारल्यावर क्षणभर थांबावे. उत्तर जुळवायला मुलाला वेळ लागतो.

चूक दाखवून देण्यापेक्षा योग्य वाक्य सहज परत म्हणावे. हिंदीच्या प्रभावाने मूल ‘माझी पुस्तक कुठे गेली?’ म्हणाले, तर ‘तुझं पुस्तक ना? ते उशाशी आहे,’ एवढे पुरे. बोलीतील रूपांना मात्र चूक मानू नये.

यासाठी महागड्या साधनांची गरज नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. पुढे कोसबाडला अनुताई वाघ यांच्या साथीने आदिवासी पाड्यांवर काम करताना त्यांनी शिक्षण मुलांच्या अंगणातच नेले आणि परिसरातील वस्तूंनाच साधने केले.

लक्ष कधी द्यावे?

बहुतेक मुले वर्षाच्या सुमारास पहिला शब्द, तर दोन वर्षांपर्यंत दोन शब्दांची जोडणी करू लागतात. दोन भाषा कानी पडत असल्यास दोन्हींतील शब्द एकत्र मोजावेत. मूल आवाजाला प्रतिसाद देत नसेल, वर्षभरात बडबडत वा बोट दाखवत नसेल, दीड वर्षापर्यंत एकही शब्द बोलत नसेल, दोन वर्षांनंतरही शब्द जोडत नसेल किंवा येत असलेले शब्द गमावत असेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नये. बालरोगतज्ज्ञांना भेटून प्रथम श्रवणक्षमता तपासून घ्यावी आणि त्या काळातही घरातले बोलणे घरच्याच भाषेत चालू ठेवावे.